रिपोर्टात काही नाही

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, समुद्रावर काळे ढग जमू लागले होते पण पाऊस अजून आला नव्हता अशा दिवसांत, मी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी गेले होते. खळ्यात कोकमाची सोले वाळत घातलेली होती आणि त्यांचा आंबूस वास पडवीपर्यंत येत होता. मोठी काकी खांबाला टेकून, उजवा पाय सरळ लांबवून बसली होती. तिने शेजारच्या पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. तालुक्याच्या ठिकाणी रक्त देऊन आणलेला तो सांधेदुखीच्या तपासण्यांचा रिपोर्ट होता. सीआरपी २.१, ईएसआर १८, आरए फॅक्टर निगेटिव्ह, अँटी-सीसीपी निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड मर्यादेत. कागद इतक्या वेळा उघडून पुन्हा घातलेला होता की घड्यांवरची अक्षरे पुसट झाली होती. "रिपोर्टात काय एक नाय म्हणतत," काकी म्हणाली. "मगे रातभर ठणकता ता काय?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. घरातली ही एक पुतणी रक्ताच्या तपासण्यांचेच काम करते, तेव्हा तिला ठाऊक असणार, एवढ्याच भरवशाने तिने विचारले होते. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले, वयाचा उल्लेख केला, वजनाचा केला, आणि चहा घ्यायला आत गेले. त्या रात्री पहिला पाऊस आला. कौलांवरच्या आवाजात मला झोप लागली नाही, आणि पलीकडच्या खोलीत काकी कूस बदलताना दर वेळी एक हलका हुंकार देत होती तोही ऐकू येत राहिला.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी २२ वर्षे काम केले आहे. ९६ खळग्यांची पारदर्शक प्लेट, प्रत्येक खळग्यात एका माणसाच्या रक्तद्रवाचे काही थेंब, त्यावर प्रतिपिंडे, म्हणजे नेमके एखादेच प्रथिन ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, मग धुणे, पुन्हा प्रतिपिंडे, पुन्हा धुणे, आणि अखेरीस रंग. जिथे शोधलेले प्रथिन असेल तिथे निळा रंग उमटतो आणि आम्ल घालताक्षणी तो निळा झर्रकन पिवळा होतो. तो क्षण मला अजूनही आवडतो. यंत्र त्या पिवळ्याची गडदता मोजते, आकडा येतो, आकडा मर्यादेत असला की शेजारी काही छापले जात नाही, आणि नसला तर ठळक होतो. ठळक न झालेले असे किती आकडे माझ्या सहीखाली गेले असतील याचा हिशेब मी कधी केला नव्हता. "नॉर्मल" या शब्दाचा अर्थ आमच्या खोलीत "हे प्रथिन या मर्यादेपेक्षा जास्त आढळले नाही" एवढाच होता. तोच कागद घाट उतरून एखाद्या पडवीत पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ "तुला काही झालेले नाही" असा होतो, हे मला त्या रात्री नीट कळले.

काकीच्या कागदावरच्या पहिल्या आकड्याचीच गोष्ट घ्यावी. सीआरपी हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. ते सांध्यात बनत नाही, यकृतात बनते, आणि तेही मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या दुसऱ्या प्रथिनाचा सांगावा यकृतापर्यंत पोहोचला की. शरीरात कुठेतरी मोठा दाह पेटला आहे, एवढेच ते सांगते. म्हणूनच इंटरल्यूकिन-६ चा मार्ग अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध दिले की सीआरपी तळाला जाते आणि मग अंगात जंतुसंसर्ग असला तरी ते वर येईलच असे नाही, हे डॉक्टरांना ध्यानात ठेवावे लागते. निरोप्यालाच वाटेत थोपवल्यावर निरोप कुठून येणार? काकीच्या गुडघ्यात जे चालले होते त्याने यकृताला हाक मारण्याइतका दाह माजवला नव्हता. सीआरपी खोटे बोलले नाही. त्याला विचारलेला प्रश्नच दुसऱ्या रोगाचा होता.

आपल्या बोलण्यात सांधे सुजवणारा आमवात आणि सांधे झिजवणारा संधिवात हे दोन्ही रोग "वात" या एका शब्दात मावतात, हीदेखील अडचण आहे. खालच्या मच्छीमारांच्या वाडीतली एक तरुण सून मला ठाऊक आहे. सकाळी तिची बोटे इतकी आखडलेली असायची की तिला नळाची चावी फिरवता येत नसे. तिचे सीआरपी आणि आमवाताची खूण असलेले अँटी-सीसीपी दोन्ही पुष्कळ वाढलेले निघाले, आमवाताचे निदान झाले, आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत ती पुन्हा आडाळ्यावर बसून मासे कापू लागली. तिच्या बाबतीत कागद आणि बोटे एकच गोष्ट सांगत होती. या आमवातात प्रथिनांवर नेम धरण्याचे शास्त्र फार यशस्वी झालेले आहे. १९९२ साली लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी दाह भडकवणाऱ्या टीएनएफ या एकाच प्रथिनाला अडवणारे प्रतिपिंड रुग्णांना देऊन पाहिले आणि सुजलेले सांधे उतरले, तेव्हापासून या रोगाचे चित्र पालटले. त्यालाही किंमत आहे. शरीरात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे काम टीएनएफ करत असते, म्हणून आपल्याकडे अशी औषधे देण्यापूर्वी क्षयाची तपासणी आधी करावी लागते. तरीही नेम लागला, सांधा वाचला आणि रक्तातला आकडाही उतरला, असे तिन्ही एकत्र घडलेले उदाहरण आपल्यापाशी आहे. काकीच्या झिजेच्या संधिवातासाठी ते अजून घडायचे आहे.

काकी आता ७१ वर्षांची आहे.

घरापासून विहिरीपर्यंत जांभ्याच्या नऊ पायऱ्या उतराव्या लागतात, एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला उतार. पंप बसेपर्यंत तिने या पायऱ्यांवरून दिवसातून किती कळश्या वर आणल्या असतील ते मोजता येणार नाही. पावसाळ्यात दिवसभर कंबरेत वाकून तरवा काढणे आणि लावणी करणे, उन्हाळ्यात उकिडवे बसून काजू बिया वेचणे, संध्याकाळी आडाळ्यावर. तिच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा तो गुळगुळीत, मोत्याच्या रंगाचा थर, हे सारे सोसत आला. या थराला रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्याच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग पाणीच असतो. कोलॅजनचे धागे त्यात रापणीच्या जाळ्यासारखे विणलेले असतात, आणि जाळ्यात अडकून बसलेले असते अ‍ॅग्रिकॅन हे प्रचंड आकाराचे प्रथिन. त्याचे चित्र प्रथम पाहिले तेव्हा मला माडाची पोय, म्हणजे त्याचा फुलोरा, आठवली होती. मधोमध एक दांडा आणि त्यातून दाटीने फुटलेल्या सुमारे शंभर बारीक साखळ्या. या साखळ्यांवरचा ऋण विद्युतभार पाणी ओढून घेतो, पोय फुगू पाहते, जाळे तिला आवरून धरते. पाय टेकला की पाणी थोडे बाहेर दाबले जाते, उचलला की पुन्हा आत येते. काकीच्या प्रत्येक पायरीला हे घडत आले, आणि साठ वर्षे त्याचा तिला पत्ताही लागला नाही.

या जाळ्याविषयी मी वाचलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६३ पर्यंत खुल्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातले कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार, जवळजवळ दुप्पट झाले होते, आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. त्या काळात शरीरात जे घडले त्यावर त्या वर्षांची खूण राहिली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गुडघ्यांतल्या कूर्चेचे कार्बन-१४ मोजून २०१६ मध्ये दाखवले की वाढीचे वय संपल्यावर त्यातले कोलॅजन जवळपास बदललेच जात नाही. झिजलेल्या गुडघ्यातही नाही. काकीचे बालपण नेमके त्या वर्षांतले. म्हणजे आज तिच्या गुडघ्यात जे जाळे उरले आहे ते पुळणीवरून अनवाणी शाळेत जाणाऱ्या, परकर पोलक्यातल्या मुलीने विणलेले आहे. ते पुन्हा विणले गेले नाही. रापणीचे जाळे फाटले तर किनाऱ्यावर पसरून शिवता येते, दर वर्षी शिवतातही. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच रॉयल सोसायटीला सादर केलेल्या निबंधात लिहून ठेवले होते की एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. जवळजवळ तीन शतके झाली, तरी हे वाक्य खोटे पाडणारे औषध निघालेले नाही.

जाळे शिवता येत नसेल तर निदान आतली पोय तरी वाचवावी, असा विचार करणाऱ्यांचा माग मी कामाच्या धबडग्यातही काढत असे. झिजेत आधी अ‍ॅग्रिकॅन जाते, आणि कूर्चेतली काही विकरे, म्हणजे रासायनिक काम करणारी प्रथिनेच, त्याला कात्रीसारखी कापतात. १९९०-९२ च्या सुमारास लक्षात आले की ही कात्री वाटेल तिथे चालत नाही. अ‍ॅग्रिकॅनच्या लांबलचक दांड्यावर ३७३ आणि ३७४ क्रमांकाच्या दुव्यांमध्ये ती नेमका छेद देते. १९९९ मध्ये अशा दोन कात्र्या हाती लागल्या, अ‍ॅडॅमटीएस-४ आणि अ‍ॅडॅमटीएस-५. मग २००५ च्या मार्च महिन्यात 'नेचर' या नियतकालिकात एकाच वेळी दोन शोधनिबंध आले, एक अमेरिकेतून आणि एक ऑस्ट्रेलियातून. अ‍ॅडॅमटीएस-५ ची क्रिया नसलेल्या उंदरांच्या कूर्चेची हानी लक्षणीय रीतीने कमी झाली होती, एका गटाने शस्त्रक्रियेने सांधा अस्थिर करून पाहिले होते आणि दुसऱ्याने दाह निर्माण करून. एवढ्या कात्र्यांमधली नेमकी एक काढून घ्यावी आणि सांधा वाचावा! तो निबंध मी लोकलमध्ये उभ्याने वाचला होता आणि दादरला उतरायचे विसरले होते.

मला या प्रथिनाची ओढ वाटण्याचे आणखी एक कारण माझ्या कामातले होते. अ‍ॅग्रिकॅन कापले गेले की तुटलेल्या तुकड्याला एक नवे टोक येते. त्या टोकाशी अ‍ॅलानिन, आर्जिनिन, ग्लायसिन आणि सेरिन अशी चार अमिनो आम्लांची ओळ असते, तिला आद्याक्षरांवरून एआरजीएस म्हणतात. फक्त हेच उघडे टोक ओळखणारी आणि अखंड अ‍ॅग्रिकॅनकडे ढुंकूनही न पाहणारी प्रतिपिंडे तयार करता येतात. माडाखाली पडलेल्या नारळाचा देठ पाहून तो आपोआप गळला की कोयत्याने उतरवला हे जसे ओळखता येते, तसेच हे. कापणाऱ्याची ओळख छेदातच असते. तुकडा कूर्चेतून सांध्यातल्या वंगणात उतरतो, तिथून रक्तात येतो, आणि माझ्यासारखीच कोणीतरी ९६ खळग्यांच्या प्लेटवर त्याचे मोजमाप करू शकते. कात्री हे औषधाचे लक्ष्य आणि कात्रीने पाडलेला तुकडा ही त्याची जैवखूण. औषध लागू पडते आहे का हे कळायला गुडघा झिजण्याची वाट पाहावी लागणार नाही, रक्ताचा एक नमुना पुरेल. याहून सुबक जोडी मी दुसरी पाहिली नव्हती.

गॅलापागोस ही बेल्जियमची आणि सर्व्हिए ही फ्रान्सची, अशा दोन कंपन्यांनी मिळून अ‍ॅडॅमटीएस-५ ला अडवणारी पोटात घेण्याची गोळी बनवली. गुडघ्याच्या संधिवाताच्या नऊशेहून अधिक रुग्णांना तिचे वेगवेगळे डोस किंवा नुसतीच दिखाऊ गोळी ५२ आठवडे दिली गेली, आणि एमआरआयने कूर्चेची जाडी मोजली गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल आला. ते दिवस आमच्या प्रयोगशाळेत कोणीही विसरणार नाही. कोविडच्या नमुन्यांनी शीतकपाटे भरलेली होती, सीआरपीचे यंत्र रात्रंदिवस चालू होते, मास्कच्या दोऱ्यांनी कानांमागे वळ उठलेले होते. पहाटे चारच्या सुमारास जिन्यात बसून मी ती बातमी वाचली. जाडीत दिखाऊ गोळीच्या तुलनेत फरक पडला नव्हता. दुखण्यातही नव्हता. आणि रक्तातला एआरजीएसचा आकडा मात्र उतरला होता, डोस जितका मोठा तितका अधिक. कात्री खरोखर थांबली होती. कागदावर सगळे ठीक होते आणि गुडघे आपल्या वाटेने झिजत राहिले होते.

असे का झाले याची जी कारणे मांडली गेली ती पटण्याजोगी आहेत. दुखू लागून माणूस चाचणीत दाखल होईपर्यंत अ‍ॅग्रिकॅन बरेचसे निघून गेलेले असते आणि कोलॅजनच्या जाळ्याला मोठ्या भेगा गेलेल्या असतात. त्या जाळ्याला कापणाऱ्या कात्र्या वेगळ्या. उंदराचा गुडघा काही आठवड्यांत बिघडवता येतो, माणसाचा दशकांनी बिघडतो, तेव्हा ५२ आठवडे कदाचित अपुरे असतील. हे सारे मान्य करूनही मला त्या पहाटे एखादे जवळचे माणूस गेल्यासारखे वाटले, हे लिहून ठेवते. काकीचे दुखणे तेव्हाच सुरू झालेले होते. फोनवर ती ते सांगत असे आणि मी मनातल्या मनात तिला म्हणत असे, थोडी वर्षे थांब.

याच्या अगदी उलट टोकाची हकिगतही याच रोगात घडली, आणि तिने मला अधिक अस्वस्थ केले. कूर्चेला मज्जातंतू नाहीत, मग दुखते कुठे? तर कूर्चेखालच्या हाडात, सांध्याच्या अस्तरात, भोवतालच्या स्नायूबंधांत. तिथल्या वेदनेच्या तारा चढवून ठेवण्यात एनजीएफ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्याच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चीनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले होते. त्याला अडवणाऱ्या टॅनेझुमॅब या औषधाने लोकांचे गुडघे खरोखर कमी दुखू लागले. पण काही रुग्णांचे सांधे अनपेक्षित वेगाने ढासळले, आणि मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ अशा मतांनी ते नाकारले. एका प्रथिनाला अडवले तर खूण सुधारली आणि गुडघा तसाच राहिला. दुसऱ्याला अडवले तर दुखणे कमी झाले आणि काहींचा गुडघाच गेला. या दोन निकालांमध्ये काकीचा प्रश्न नेमका उभा आहे असे मला वाटते. ठणकणे, झीज आणि रक्तातला आकडा या तीन गोष्टी आपण एकाच दोरीला बांधलेल्या समजतो. प्रत्यक्षात त्यांच्यामधली दोरी कुठे घट्ट आहे आणि कुठे सैल, हे सांध्यागणिक, माणसागणिक पाहावे लागते.

मोजण्यातही केवढे बारकावे असतात! स्वीडनमधल्या लुंड येथील संशोधकांनी १९९२ मध्ये पुढे आणलेले कॉम्प हे कूर्चेतले आणखी एक प्रथिन घ्या. झिजेची खूण म्हणून ते पुष्कळ अभ्यासले गेले आहे. पण माणूस चालून आला की रक्तातला त्याचा आकडा वर जातो आणि रात्री आडवा झाल्यावर खाली येतो. काकी सकाळी रस्त्यापर्यंत चालत जाऊन, एसटीतून उतरून पुन्हा चालत तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोहोचली होती. तिचे कॉम्प त्या वेळी मोजले असते तर त्यात रोग किती आणि ती सकाळ किती, हे वेगळे काढणे कठीण झाले असते. अर्थात ते मोजलेच नव्हते. कॉम्प काय, एआरजीएस काय, या तपासण्या अजून संशोधनाच्या खोल्यांतच आहेत.

गणपतीला मी पुन्हा गावी गेले. आमच्याकडे गौर विहिरीवरून आणतात, आणि गेली तीन वर्षे काकी वरच्या पायरीवर उभी राहून पाहते, खाली उतरत नाही. गौरीच्या आदल्या संध्याकाळी ती उंडीचे तेल गुडघ्याला चोळत बसली असताना मी तो मे महिन्यातला कागद मागून घेतला. तेलाचा उग्र वास सगळ्या पडवीत भरला होता.

"काकी, ह्यो रिपोर्ट तुज्या दुखण्याचो नाय," मी म्हणाले. "तेनी येगळ्याच वातासाठी तपासल्यानी. तो तुका नाय, एवढाच ह्या कागदार लिवलेला असा."

ती चोळायची थांबली. "मगे माज्या दुखण्याचो रिपोर्ट खंय गावतलो?"

"अजून खंयच नाय."

मला वाटले होते तिला वाईट वाटेल. तिने कागद परत घेतला, जुन्याच घड्यांवर घडी घातली आणि म्हणाली, "ह्या तू तेवाच सांगाक होया होता." मग मी जाळ्याची आणि पोयीची गोष्ट तिला सांगितली. शाळेत जाणाऱ्या मुलीने विणलेल्या जाळ्यापाशी ती बराच वेळ थांबली आणि शाळेच्या वाटेवरच्या एका व्हाळाविषयी बोलत राहिली, ज्यावर तेव्हा साकव नव्हता. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम मी तिला करून दाखवले. या रोगात आज खात्रीने उपयोगाच्या म्हणता येतील अशा गोष्टींत ते येतात, आणि तालुक्याला जाऊनही ते तिला कोणी शिकवलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीतल्या मेस्त्रीला बोलावले. विहिरीच्या पायऱ्यांना गडग्याच्या बाजूने लोखंडी पाइपचा कठडा बसवायचा होता. हात कोणत्या उंचीला हवा, असे विचारत त्याने मापाची पट्टी काढली आणि तो पहिल्या पायरीवर वाकला. रात्रभर पाऊस पडून गेला होता. सबंध गडगा शेवाळाने हिरवागार झाला होता, फक्त प्रत्येक पायरीजवळ एकेका चिऱ्यावर तळहाताएवढी जागा उघडी, तांबडी आणि गुळगुळीत होती. मेस्त्रीने त्या जागा मोजल्या. नऊ होत्या. पट्टी त्याने खिशात ठेवली आणि खडूने तिथेच रेघा मारायला सुरुवात केली.